गोदूताईंच्या घरी स्वयंपाक कोण करायचं?

‘राजकारण हे काही भल्या घरच्या बाईचं काम नव्हे’, हे वाक्य कधी ऐकलंच नाही अशी बाई आपल्याकडे सापडायची नाही. माहेरी ते वडिलांच्या तोंडून ऐकायचं, सासरी सासूबाईंच्या. आणि गंमत म्हणजे निवडणुकीत जागा महिलांसाठी राखीव झाली की त्याच घरात सगळ्यात आधी सुनेचा फॉर्म भरायची घाई होते! १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि गावच्या कारभारात बायकांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. कायद्यानं खुर्ची दिली. पण खुर्चीवर बसतं कोण? ‘सरपंचपती’ हा शब्द कोणत्याच कायद्यात नाही, तरी गावोगावी तो सगळ्यांना कळतो.

मी पारशिवनीची. घर सांभाळून गेली काही वर्षं आजूबाजूच्या खेड्यांत बचत गटांचं काम करते. आमचा तालुका तसा मजेशीर आहे. एका अंगाला पेंचचं जंगल, दुसऱ्या अंगाला कन्हानकडच्या कोळसा खाणी, मध्ये संत्री, कापूस नि धान. नवेगाव खैरीच्या धरणाचं पाणी नागपूर शहर पितं. जंगलालगतच्या वस्त्यांत गोंड समाजाच्या बायका जास्त. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी, हिवाळ्यात जे मिळेल ते. गटाच्या बैठकीला या बायका वेळेवर येतात, हप्ता चोख भरतात, आपसात भरपूर बोलतात. पण ग्रामसभा म्हटली की सगळ्या मुक्या. ‘तिथं माणसं बोलतात जी, आपण काय बोलावं?’ असं त्यांचं ठरलेलं उत्तर.

मागच्या उन्हाळ्याआधी वाचनालयातून आणलेलं एक जुनं पुस्तक मी गटात थोडं थोडं वाचून दाखवायला घेतलं. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. १९७० साली आलेलं, १९७२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. बी.ए.ला असताना या पुस्तकाचं नाव ऐकलं होतं, नोट्समध्ये दोन ओळी पाठही केल्या होत्या. बायकांच्या घोळक्यात बसून वाचताना ते निराळंच लागलं. आज त्या पुस्तकाबद्दल नाही, तर ते लिहिणाऱ्या बाईबद्दल सांगायचं आहे. कारण बाईनं राजकारण करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचं इतकं रोखठोक उदाहरण माझ्या तरी माहितीत दुसरं नाही.

गोदावरी गोखले १९०७ साली पुण्यात जन्मल्या. वडील नामवंत वकील, घर सुखवस्तू, शिक्षणाला तोटा नाही. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन त्या कायदा शिकल्या आणि महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर ठरल्या. त्या काळात मुलगी मॅट्रिक झाली तरी आळीत चर्चा व्हायची, इथं तर मुलगी वकील! आयुष्य आखलेलंच होतं म्हणा ना. वडिलांची वकिली, चांगलं स्थळ, पुण्यात मानमरातब. पण स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी उडी घेतली आणि १९३२ मध्ये तुरुंगात गेल्या. घरच्यांना हे पसंत नव्हतं. मग पुण्याचं घर सोडून त्या मुंबईला गेल्या आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांनी स्थापन केलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत काम करू लागल्या. या संस्थेच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य.

मुंबईत त्यांनी प्रौढ साक्षरतेचं काम केलं. आणि आणखी एक काम केलं, जे मला फार मोलाचं वाटतं. १९३८ साली त्यांनी मुंबईतल्या घरकामगारांची संघटना बांधली. विचार करा, आज आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईनं सुट्टी मागितली तरी आपल्या कपाळावर आठी पडते. जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी एका वकील बाईला सुचलं की घरकाम करणाराही कामगारच आहे, त्याच्या कामाला तास हवेत, पगाराला धरबंध हवा.

तिथंच त्यांची गाठ शामराव परुळेकरांशी पडली. शामराव १९३७ च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या कायदेमंडळात निवडून गेलेले. कोकणातल्या खोती पद्धतीविरुद्ध जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा निघाला, त्यातही ते होते. १९३९ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि त्याच वर्षी दोघंही कम्युनिस्ट पक्षात गेले. लग्नानंतर लौकरच तुरुंग! दुसऱ्या महायुद्धाला विरोध केला म्हणून इंग्रज सरकारनं त्यांना आत टाकलं.

इथवर ऐकल्यावर आमच्या गटातल्या एका वहिनींनी मला थांबवलं. म्हणाल्या, ‘बाई, एक सांगा. ते तुमची गोदूताई जेलात जाये, गावोगाव फिरे, त इच्या घरी सैपाक कोन करे?’

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. पुरुष नेत्याच्या चरित्रात हा प्रश्न कुणी विचारतं का? बाईच्या चरित्रात मात्र पहिला हाच. आणि तो विचारणारी बाई काही चुकत नव्हती. तिच्या दृष्टीनं राजकारणाच्या दारातली पहिली धोंड तीच तर आहे. पहाटे चारला उठून पाणी भरा, चूल पेटवा, डबे करा, मजुरीला जा, परत येऊन पुन्हा चूल. ग्रामसभेला जायचं ते कधी? वहिनींच्या प्रश्नाकडे मी पुढे येतेच. आधी गोदूताई ठाणे जिल्ह्यात कशा गेल्या ते सांगते.

मुंबईपासून शे-सव्वाशे किलोमीटरवर डहाणू, तलासरी, उंबरगाव, जव्हार हा भाग. आताच्या पालघर जिल्ह्यातला, उंबरगाव मात्र पुढे गुजरातेत गेलं. जंगल, डोंगर आणि वारली समाज. वारली चित्रं आपण कुर्त्यांवर नि पडद्यांवर हौसेनं मिरवतो, पण ती चित्रं काढणाऱ्यांचं जिणं त्या काळी काय होतं? जमिनी सावकार-जमीनदारांच्या घशात गेलेल्या. ज्या जमिनीचा पूर्वी मालक, तिच्यावरच आता कूळ किंवा गडी. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं, त्याला वेठ म्हणायचे. आणि त्याहून भयंकर प्रथा होती लग्नगडीची.

लग्नगडी म्हणजे काय? वारली तरुणाला लग्नासाठी पैसे लागायचे. शंभर-दोनशे रुपये जमीनदार कर्जाऊ द्यायचा. त्या बदल्यात तो तरुण जमीनदाराचा गडी व्हायचा. किती दिवस? कर्ज फिटेपर्यंत. आणि हिशेब जमीनदाराच्या वहीत, कर्जदाराला अक्षरओळख नाही, तेव्हा कर्ज फिटायचंच नाही. नवरा गडी तशी त्याची बायकोही मालकाच्या दावणीला. तिच्या अंगावर हात टाकायला मालकाला कुणाची परवानगी लागत नसे. हे कुणा कम्युनिस्टानं तिखटमीठ लावून लिहिलंय असं कुणाला वाटेल. पण सायमिंग्टन नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्यानं सरकारच्याच सांगण्यावरून पाहणी केली होती. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात ही लग्नगडीची गुलामी आणि बायकांवरची जबरदस्ती नोंदलेली आहे. म्हणजे सरकारला माहीत होतं. अहवाल फायलीत राहिला, वारली दावणीला राहिला.

मंगळसूत्र गळ्यात पडलं त्याच दिवशी नवऱ्याच्या गळ्यात दोर पडावा, याला काय म्हणायचं? हा भाग वाचला तेव्हा गटात कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं एवढंच म्हटलं, ‘आमच्या आज्याले बी असंच सालदार ठेवलं होतं म्हनत.’

गोदूताई तिथं गेल्या तेव्हा वारली त्यांना पाहून लांब राहत. शहरी, शिकलेली, पांढरपेशी बाई म्हणजे सावकाराकडची नाहीतर सरकारकडची, दोन्हीकडून मारच! भाषणं ऐकायला कुणी येईना. मग त्यांनी काय केलं? त्या पाड्यांवर राहू लागल्या. त्यांच्याच झोपडीत झोपायचं, ते खातील ते खायचं, त्यांची बोली कानावर पडू द्यायची. मैलोन् मैल पायी चालायचं. सांगण्याआधी ऐकायचं. आम्ही समाजकार्य करणाऱ्या बायका पुष्कळदा उलट करतो. गाडीतून उतरतो, सतरंजी अंथरायला लावतो, अर्धा तास मार्गदर्शन, फोटो, चहा आणि परत. माणूस जागा होतो तो भाषणानं नव्हे. आपलं दुःख आपलं नशीब नसून कुणीतरी केलेलं आहे, हे त्याला कळतं तेव्हा तो जागा होतो. आणि ते कळायला शेजारी बसणारं कुणीतरी लागतं.

७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. तिथं माह्या धांगडा हे वारली शेतकरी व्यासपीठावर उभे राहून बोलले. हजारो लोकांपुढे त्यांनी वेठीची कहाणी सांगितली. ठिणगी पडली ती तिथं. मग २३ मे १९४५ ला उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी सभा झाली. पाचेक हजार वारली जमले. ठरलं इतकंच, की खासगी शेतावर फुकट राबायचं नाही. रोजचे रोख बारा आणे मिळाल्याशिवाय काम नाही. वेठ बंद, लग्नगडी बंद.

वाचताना वाटतं, हे काय मोठंसं? पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी मान वर केली नव्हती त्यांनी हे ठरवलं होतं. लाल झेंडा हाती घेऊन लोक पाड्यापाड्यांवर गेले. लग्नगड्यांना सांगितलं, ‘चल, तू मोकळा झालास.’ शतकभराची प्रथा काही आठवड्यांत मोडली. कायदा नंतर आला. वेठबिगारी बंद करणारा देशाचा कायदा १९७६ सालचा आहे, वारल्यांनी ती १९४५ मध्येच बंद केली!

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवत कापणीचा हंगाम आला. पाचशे पौंड गवत कापायचे अडीच रुपये द्या, अशी वारल्यांची मागणी. व्यापारी आणि जमीनदार ऐकेनात, तेव्हा संप. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोदूताईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशा अफवा पसरल्या. हजारो वारली काठ्या घेऊन ताईंच्या रक्षणासाठी जमले. ताई तिथं नव्हत्याच. पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. सरकारनं मग गोदूताई आणि शामराव या दोघांना जिल्ह्यातून हद्दपार केलं. ताई नाहीत, पुढारी नाही, तरी संप मोडला नाही. बाहेरून आलेल्या बाईनं चेतवलेली ही चूल तिच्या फुंकणीशिवायही पेटती राहिली. मला वाटतं, त्यांच्या कामाची खरी परीक्षा तीच होती.

आता वहिनींचा प्रश्न. स्वयंपाक कोण करायचं?

खरं उत्तर असं, की रूढ अर्थानं गोदूताईंनी घर मांडलंच नाही. आज या पाड्यावर, उद्या पक्षाच्या कचेरीत, परवा तुरुंगात. नवरा नुसता नवरा नव्हता, त्याच कामातला सोबती होता. त्यामुळे ‘तू बाहेर, मग घर कोण बघणार?’ हा वाद त्यांच्यात उभा राहायला जागाच नव्हती. पण याची किंमत काय होती? शामराव १९५७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. पाच वर्षांनी चीन युद्धाच्या वेळी कम्युनिस्टांची धरपकड झाली, त्यात दोघांनाही स्थानबद्ध केलं. ३ ऑगस्ट १९६५ रोजी शामराव तुरुंगातच वारले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. त्यातली एकत्र किती, तुरुंगात किती, भूमिगत किती, याचा हिशेब मांडला तर जीव कासावीस होतो. गोदूताईंचं दुसरं पुस्तक आहे ‘बंदिवासाची आठ वर्षे’. नावातच सगळं आलं.

म्हणून मी बायकांना सांगितलं, की गोदूताईंसारखं घर सोडा असं मी सांगत नाही. ते आपल्याला जमणारही नाही आणि सगळ्यांनी तसं करण्याची गरजही नाही. पण त्यांच्या शामरावांनी जे केलं ते आपल्या घरच्यांना का जमू नये? ग्रामसभेच्या दिवशी एक वेळचा भात तरी त्यांना टाकता यायला हवा की नाही? यावर जो हशा पिकला, त्यात थोडं दुःखही होतं.

मी स्वतः कम्युनिस्ट नाही. आमच्या घरी देवघर आहे, गणपती बसतो, गौरी जेवतात. रशिया नि पूर्व युरोपात या विचाराच्या नावावर काय काय घडलं तेही आता लपून राहिलेलं नाही. बाल्कन भागाजवळच्या रोमानियात आना पाउकेर नावाची बाई होऊन गेली. गोदूताईंपेक्षा चौदा वर्षांनी मोठी. तीही शिक्षिका, तीही तरुणपणीच कम्युनिस्ट झाली, तिनंही तुरुंग भोगला. तिच्या नवऱ्याला १९३८ मध्ये सोव्हिएत रशियात त्याच्याच पक्षाच्या राजवटीनं ठार मारलं. तरी ती पक्षात राहिली. युद्ध संपल्यावर तिचा पक्ष सत्तेवर आला आणि १९४७ च्या अखेरीस ती रोमानियाची परराष्ट्रमंत्री झाली. एका बाईला एवढं मोठं पद, जगभर गाजावाजा! पण ती राजवट विरोधकांना तुरुंगात डांबणारी होती, आणि पाचच वर्षांत तिच्यावरही तीच पाळी आली. १९५२ मध्ये पद गेलं, पुढच्या वर्षी अटक झाली. सुटली, पण सार्वजनिक जीवनातून कायमची पुसली गेली. १९६० मध्ये वारली.

दोघींचा झेंडा एकाच रंगाचा. एकीला सत्ता मिळाली, एकीला मिळाली नाही. आना पाउकेरच्या देशात १९८९ मध्ये लोकांनी ती राजवटच उलथून टाकली. गोदूताई मंत्री झाल्या नाहीत, पण १९९६ च्या ८ ऑक्टोबरला त्या गेल्या तेव्हा रडायला हजारो आदिवासी होते. राजकारण म्हणजे फक्त खुर्ची, असं समजणाऱ्यांनी या दोन आयुष्यांकडे शेजारी शेजारी ठेवून बघावं. वरून आलेली सत्ता वरचेच काढून घेतात. खाली बसून कमावलेला विश्वास कुणाला हिसकावता येत नाही.

सगळंच साधलं असंही नाही बरं का. ज्या भागात एवढी चळवळ झाली, त्याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ मध्ये कुपोषणानं बालकं दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. वेठ गेली, पण जमीन हाती यायला पिढ्या लागल्या. गोदूताईंना हे कळत नव्हतं असं नाही. नुसते मोर्चे पुरत नाहीत, म्हणून १९६१ मध्ये त्यांनी आदिवासी प्रगती मंडळ काढलं. तलासरीत आदिवासी मुलांच्या शिक्षणाची सोय केली. आज तिथं त्यांच्याच नावाचं महाविद्यालय आहे. १९८६ मध्ये वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. ज्या वयात आपल्याकडे म्हातारीला ‘एका जागी बस’ म्हणून सांगतात, त्या वयात त्या देशाच्या शेतकरी संघटनेच्या अध्यक्ष!

आपल्या नागपूरचे ए. बी. बर्धन याच विचाराचे. मूळचे बंगालचे, पण वाढले, शिकले नागपुरात. १९५७ मध्ये नागपुरातून आमदार झाले. वीज कामगारांचे, गिरणी कामगारांचे नेते. आदिवासींच्या प्रश्नावर त्यांनी पुस्तक लिहिलं. १९९६ ते २०१२ पर्यंत भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस होते. दिल्लीत पंतप्रधान त्यांचं मत विचारायचे आणि हे पक्षाच्या कचेरीतल्या एका खोलीत राहायचे. २ जानेवारी २०१६ ला ते गेले. त्यांचे विचार पटोत न पटोत, राजकारणात राहून माणूस साधा राहू शकतो हे नागपूरकरांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि एक धागा तर थेट आमच्या जंगलाशी जुळतो. तेंदूचं पान म्हणजे विडीचं पान. आमच्या विदर्भातल्या बायका ते तोडतात आणि दूर कुठं तरी दुसऱ्या बायका त्याची विडी वळतात. सोलापुरात विडी वळणाऱ्या हजारो बायका. त्यांनी लढून आपल्यासाठी घरं मिळवली. कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि या कामगार बायकांचा स्वतःचा पैसा, असं मिळून. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तिथं आले होते. त्या वसाहतीला नाव कुणाचं, ठाऊक आहे? गोदूताई परुळेकरांचं! पान तोडणारी, विडी वळणारी आणि ते नाव लिहिणारी, तिघींना एका ओळीत बसवणारी अशी ही गोष्ट मी सांगितली तेव्हा आमच्या बायकांचे डोळे चमकले.

तेंदूपत्त्याचं काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मे महिन्यात पहाटे अंधारात जंगलात जायचं, वाघाची भीती असतेच. पानं तोडायची, भर उन्हात डोक्यावर आणायची, दुपारभर घरातल्या सगळ्यांनी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. मोजणारा मुन्शी. ‘हा पुडा लहान, हा फाटका’ म्हणत तो काही पुडे बाजूला करतो. बाजूला केलेले पुडे परत मिळत नाहीत आणि कार्डावरही चढत नाहीत. शेकड्यामागे चार-पाच पुडे असे गेले तर हंगामाअखेर किती जातात, याचा हिशेब कुणी केलेला नसतो.

तलवाड्याच्या गवताची गोष्ट वाचून झाली तेव्हा सैपाकाचं विचारणाऱ्या त्याच वहिनी म्हणाल्या, ‘बाई, त्याइचा गवताचा भारा अन् आमचा पुडा एकच झाला की नाही?’ मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.

हंगाम सुरू झाला तसं त्यांनी आपसातच ठरवलं. दहावी झालेली एक पोर वही घेऊन फळीवर मुन्शीशेजारी उभी राहायची. तो मोजायचा, ती लिहायची. किती आणले, किती घेतले, किती बाजूला काढले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. पहिले दोन दिवस मुन्शी चिडला. ‘तुला कोणी बोलावलं?’ म्हणाला. पोरगी हलली नाही, कारण तिच्यामागे पंधरा-वीस बाया उभ्या होत्या. आठवडाभरात बाजूला पडणारे पुडे कमी झाले. बंद झाले नाहीत, कमी झाले. हंगाम संपल्यावर ती वही घेऊन बायका ग्रामसभेला गेल्या. त्यातल्या एकीनं उभं राहून आकडे वाचले. आवाज कापत होता, पण वाचले शेवटपर्यंत. उत्तर मिळालं, ‘बघू’. पुढच्या ग्रामसभेत तो विषय पुन्हा काढायचा आहे, आणि त्या काढणार आहेत.

याला राजकारण म्हणायचं की नाही? मला विचाराल तर हेच राजकारण. पक्ष कोणता, झेंडा कोणता, ते ज्याचं त्यानं ठरवावं. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकरी-आदिवासींच्या मोर्चात फोड आलेल्या पायांच्या म्हाताऱ्या बायका आपण टीव्हीवर पाहिल्या. वनजमिनीच्या पट्ट्यासाठी त्या पावणेदोनशे-एकशेऐंशी किलोमीटर चालल्या. परीक्षा देणाऱ्या मुलांना त्रास नको म्हणून शेवटची मजल त्यांनी रात्रीतून चालून काढली. त्यांना कुणी राजकारण शिकवलं असेल? मला वाटतं, ते त्यांच्या पाड्यांवर कधीचं मुरलेलं होतं.

मैत्रिणींनो, तुमच्या गावी बाई सरपंच असेल तर एक करा. तिच्या नवऱ्याला नाही, तिला जाऊन भेटा. आपलं काम तिलाच सांगा. तो मध्ये बोलला तर थांबा, आणि पुन्हा तिच्याकडे बघूनच बोला. ती चाचरेल, अडखळेल. माह्या धांगडाही पहिल्यांदा व्यासपीठावर उभे राहिले तेव्हा अडखळले असतीलच की! आणि तुम्हीच त्या खुर्चीवर असाल, तर मासिक सभेचा कागद घरी सहीला आला तर तो परत पाठवा. सभेतच सही करीन म्हणावं.

आणि हो, सभेच्या दिवशी स्वयंपाक कोण करणार, ते आदल्या रात्रीच घरात ठरवून टाका.